हळद, दावा आणि करिअर

मंडळी, गेल्या सहा महिन्यांत ओळखीतल्या चौघांनी मला जवळजवळ एकच प्रश्न विचारलाय. चौघंही माझ्याच वयाचे, चौघंही कीबोर्ड बडवून पोट भरणारे, आणि चौघांनाही आता आयटी सोडून 'हेल्थ अँड वेलनेस'मध्ये ब्रँड मार्केटिंग करायचंय. एकीच्या हातात तर ऑफर लेटर आहे. कुणी गमीज विकणार, कुणी केसांचं तेल, कुणी प्रोटीन, कुणी अश्वगंधा. "तुला काय वाटतं? जाऊ का?"

आता मी काही मार्केटिंगवाला नाही. माझ्या डिग्रीवर 'बी. ई.' असं लिहिलंय आणि मी दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधले बग शोधतो. पण ह्या विषयावर बोलायला माझ्याकडे दोन कारणं आहेत. एक, माझं आजोळ वाईचं, आणि घरची हळद. दोन, गेलं वर्षभर माझा मामेभाऊ आणि मी एका पाकिटाच्या मागच्या बाजूला काय छापायचं ह्यावर भांडतोय. त्या भांडणातून जे शिकलो ते चौघांना वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

आधी निष्कर्ष. ह्या क्षेत्रातलं करिअर लोगोवर, रील्सवर किंवा इन्फ्लुएन्सरच्या यादीवर उभं राहत नाही. ते 'दावा' ह्या एका गोष्टीवर उभं राहतं. आपलं उत्पादन काय करतं, हे सांगणारं एक वाक्य. बिस्किटाची जाहिरात फुगवली तर फार तर बिस्किट बेचव लागतं. इथलं वाक्य फुगवलं तर कुणीतरी आपली गोळी बंद करतं. म्हणून वेलनेसमध्ये ब्रँड मॅनेजरचं खरं काम म्हणजे काय लिहायचं नाही ते ठरवणं आणि त्या निर्णयावर टिकून राहणं. हे काम करायची तयारी असेल तर खुशाल जा. नसेल तर पगार कितीही असो, जाऊ नका.

आता जरा सविस्तर.

वाई बहुतेकांना ढोल्या गणपतीमुळे, मेणवलीच्या घाटामुळे, नाहीतर महाबळेश्वरला जाताना लागणारं गाव म्हणून माहीत असतं. कृष्णेच्या काठच्या ह्या पट्ट्यात हळद पिढ्यान्‌पिढ्या होते. अक्षय्य तृतीयेच्या आसपास लागवड, आणि काढणी पुढच्या वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये. म्हणजे नऊ महिने जमिनीत. मग कंद काढायचे, शिजवायचे (पूर्वी काहिलीत, आता बहुतेक ठिकाणी वाफेच्या कुकरवर), दोन आठवडे उन्हात वाळवायचे, ड्रममध्ये फिरवून पॉलिश करायचं आणि मग बाजार समितीत लिलाव. पाच क्विंटल ओल्या हळदीची सुकून जेमतेम एक क्विंटल होते. एवढं सगळं झाल्यावर समजा क्विंटलला पंधरा हजार भाव मिळाला, तर किलोला दीडशे रुपये. आणि तीच हळद काळ्या मॅट फिनिशच्या डबीत घालून समजा शंभर ग्रॅम अडीचशेला विकली, तर किलोला अडीच हजार!

मधल्या ह्या फरकालाच आपण ब्रँड म्हणतो. त्यात दळण आहे, डबी आहे, वाहतूक आहे, वेबसाइटचं कमिशन आहे, जाहिरात आहे. पण गिऱ्हाईक ज्यासाठी पैसे मोजतं ते बहुतेक वेळा डबीवरचं वाक्य असतं. तर माझ्या मामेभावाचं म्हणणं, आणि त्यात मला काही चूक दिसत नाही, की नऊ महिने राबणाऱ्याने ह्यातला थोडा वाटा का घेऊ नये? मीही म्हटलं, घेतलाच पाहिजे. भांडण सुरू झालं ते पुढे.

मराठी माणसाला मार्केटिंग जमत नाही म्हणतात, पण ह्याच हळदीवर एका मराठी कुटुंबाने देशातला एक मोठा ब्रँड उभा केला. विको. केशव विष्णु पेंढरकर आधी नागपुरात किराणा दुकान चालवायचे, मग मुंबईला आले आणि १९५२ मध्ये परळच्या घरातून त्यांनी दंतमंजन करून विकायला सुरुवात केली, दारोदार फिरून. विको म्हणजे 'विष्णु इंडस्ट्रियल केमिकल कंपनी'ची आद्याक्षरं. मुलगा गजानन पेंढरकर औषधनिर्माणशास्त्र शिकून धंद्यात आला आणि पुढे सत्तरच्या दशकात हळदीची क्रीम आली. त्या काळात क्रीम म्हणजे पांढरी, परदेशी वाटणारी, फुलांच्या वासाची. आणि हे लोक पिवळी क्रीम विकायला निघाले! चेहरा पिवळा पडेल अशी शंका कुणालाही येणारच. १९८४ साली दूरदर्शनवर 'ये जो है जिंदगी' लागायची, तिचे प्रायोजक विको होते. त्यांची जिंगल आपल्या आईवडिलांच्या पिढीला आजही पाठ आहे.

त्या जिंगलचा मुद्दा काय होता आठवतंय? ही क्रीम कॉस्मेटिक नाही, आयुर्वेदिक आहे. आपल्याला वाटतं, छान यमक जुळलं. प्रत्यक्षात त्याच मुद्द्यावर अबकारी खात्याशी वर्षानुवर्षं वाद चालला. कारण सौंदर्यप्रसाधनावरचा कर जास्त, आयुर्वेदिक औषधावरचा कमी. खातं म्हणे हे प्रसाधन, कंपनी म्हणे हे औषध. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निकाल विकोच्या बाजूने लागला. म्हणजे जाहिरातीतलं एक वाक्य, कोर्टातली कंपनीची भूमिका आणि परवान्यावरचा शब्द, तिन्ही एकच होते. माझ्या मते करिअर करणाऱ्याने विकोकडून शिकायची गोष्ट ही आहे. जिंगल नंतर.

कारण हळद एक असली तरी तिला विकायचे रस्ते निदान चार आहेत, आणि प्रत्येकाचा कायदा वेगळा. मसाला म्हणून विकलीत तर अन्नसुरक्षेचा कायदा, आणि पाकिटावर एफएसएसएआयचा चौदा आकडी क्रमांक. कॅप्सूलमध्ये भरून पूरक आहार म्हणून विकलीत तर त्याच संस्थेचे न्यूट्रास्युटिकलचे वेगळे नियम. आयुर्वेदिक औषध म्हणून विकलीत तर १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि त्याखाली उत्पादनाचा परवाना. चेहऱ्याला लावायला विकलीत तर २०२० चे सौंदर्यप्रसाधनांचे नियम. मसाल्याच्या पाकिटावर रोग बरा होतो असं लिहिता येत नाही. क्रीम त्वचा 'उजळ दिसते' म्हणू शकते, त्वचारोग 'बरा करते' म्हणू शकत नाही. आणि ह्या सगळ्यांच्या वर १९५४ चा एक कायदा बसलाय, ज्याला बोलीभाषेत जादूटोण्याच्या औषधांचा कायदा म्हणायला हरकत नाही. त्याच्या परिशिष्टात ५४ रोगांची आणि अवस्थांची यादी आहे. मधुमेह, कर्करोग, रक्तदाब, लठ्ठपणा, अगदी उंची वाढवणंसुद्धा. ह्यांतलं काही आमच्या औषधाने बरं होतं अशी जाहिरातच करायची नाही. औषध खरंच चांगलं असलं तरी नाही.

मला गंमत ह्याची वाटते की इंटरव्ह्यूला जाणाऱ्या आमच्या चौघांपैकी एकालाही ह्यातलं काही माहीत नव्हतं. फनेल माहीत होतं, सीएसी माहीत होतं, परफॉर्मन्स मार्केटिंगचं सर्टिफिकेट होतं. पण आपण जे विकणार ते अन्न आहे की औषध आहे की प्रसाधन, हा प्रश्नच पडला नव्हता. हे म्हणजे डेटाबेस कुठला ते न विचारता क्वेरी लिहायला बसण्यासारखं झालं.

आता पुरावा. हळदीचं मार्केटिंग करणारा प्रत्येक जण कधी ना कधी पेटंटची गोष्ट सांगतोच. गोष्ट खरी आहे आणि अभिमानाची आहे. १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या मेडिकल सेंटरला, जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट मिळालं. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने त्याला आव्हान दिलं, जुने संस्कृत आणि इतर ग्रंथ, १९५३ सालचा एक भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला लेख असे पुरावे दिले, आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं.

पण थांबा, त्या लढाईत सिद्ध काय झालं? एवढंच, की ही गोष्ट नवीन नाही, आम्हाला आधीपासून माहीत आहे. हळदीने अमुक रोग बरा होतो हे त्यात सिद्ध झालं नाही, तो प्रश्नच तिथे नव्हता. तरी 'अमेरिकेनेही मान्य केलेली हळद' अशा अर्थाची वाक्यं पाकिटांवर आणि फॉरवर्डमध्ये आरामात फिरतात. पेटंट कार्यालयातला निकाल डॉक्टरच्या प्रिस्क्रिप्शनसारखा वापरला जातो. ज्याला ह्या क्षेत्रात काम करायचंय त्याला हे दोन प्रश्न, 'जुनं आहे का?' आणि 'गुण येतो का?', वेगळे करता आले पाहिजेत. एकाचं उत्तर दुसऱ्याला लावणं हीच ह्या धंद्यातली सगळ्यात मोठी हातचलाखी आहे.

मग गुण येतो का? हळदीतला ज्या द्रव्याचा सगळीकडे गाजावाजा होतो ते कर्क्युमिन. हळदीत ते साधारण दोन ते पाच टक्के. बाकी सगळं पिष्ट, तेल, तंतू वगैरे. शिवाय कर्क्युमिन पोटातून रक्तात फार कमी जातं. १९९८ मध्ये बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या संशोधकांनी दाखवलं की मिऱ्यातल्या पायपरीनबरोबर दिलं तर माणसात ते कितीतरी पट जास्त शोषलं जातं. तेव्हापासून प्रत्येक कॅप्सूलमध्ये मिरी आली. पण शोषलं जाणं म्हणजे रोग बरा होणं नव्हे! २०१७ मध्ये 'जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री'त अमेरिकेतल्या रसायनशास्त्रज्ञांनी एक मोठा आढावा घेतला. कर्क्युमिनवर १२० हून जास्त चाचण्या झाल्यात, पण दोन्ही बाजूंना औषध कुठलं ते लपवून आणि खोट्या गोळीशी तुलना करून घेतलेली एकही चाचणी यशस्वी ठरलेली नाही, असं त्यांचं म्हणणं. सगळ्या संशोधकांना ते पटलेलं नाही, वाद चालू आहे. आणि उलट्या बाजूला, २०१९ मध्ये इटलीच्या आरोग्य खात्याने हळदीच्या सप्लिमेंटनंतर यकृताला सूज आलेल्या रुग्णांची नोंद घेऊन इशारा दिला. आमटीतली हळद वेगळी, आणि अर्क काढून, मिरी घालून, रोज दोन कॅप्सूल वेगळं.

म्हणजे हळद वाईट का? अजिबात नाही. वाईची हळद मी रोज खातो आणि कापलं-बिपलं तर आजी अजूनही तीच दाबते. माझा मुद्दा एवढाच की 'आपल्याकडे पूर्वापार वापरतात' हे खरं वाक्य आहे, आणि 'सांधेदुखी मुळापासून घालवते' हे वाक्य आजच्या घडीला कुणाला सिद्ध करता येत नाही. पहिलं छापा. दुसरं छापू नका.

"मग कुणी छापतंच का?" असं तुम्ही विचाराल. कंपन्यांत सगळे लबाड बसलेत असं मला वाटत नाही. बहुतेक जण माझ्यातुमच्यासारखे, ईएमआय भरणारे. खरी भानगड सिस्टिममध्ये आहे, आणि इंजिनियर असल्यामुळे मला ती जास्त दिसते.

कल्पना करा, सोमवारी सकाळी तुम्ही दोन जाहिराती सोडल्यात. एकीवर लिहिलंय, 'रोजच्या दुधात घालायला चांगली हळद'. दुसरीवर, 'गुडघेदुखीला रामराम'. बुधवारपर्यंत डॅशबोर्ड सांगतो, दुसरीला जास्त क्लिक. तुम्ही पहिली बंद करता. पुढच्या आठवड्यात दुसरीच्या दोन आवृत्त्या, त्यातली जास्त धीट जिंकते. असं दहा आठवडे चाललं की कुणीही मुद्दाम खोटं न बोलता, नुसत्या ए-बी टेस्टिंगने, तुम्ही अशा वाक्यापाशी पोचता जे पहिल्या दिवशी मीटिंगमध्ये कुणीच उच्चारलं नसतं. डॅशबोर्डवर क्लिकचा रकाना आहे, ऑर्डरचा आहे, खर्चाचा आहे. 'खरं आहे का' असा रकाना नाही. आणि ज्या गोष्टीचा रकाना नाही ती तुमच्या अप्रेझलमध्येही येत नाही!

ह्या वाक्यांचं पुढे काय होतं ते मी घरात पाहिलंय. माझ्या मावशीला दहा वर्षांपासून शुगर आहे. कुठल्याशा काढ्याची जाहिरात बघून तिने एक बाटली मागवली, मग दुसरी. जाहिरातीत गोळ्या बंद करा असं कुठेही म्हटलेलं नव्हतं, वकिलाने तपासून दिलेली असावी. फक्त एक हसरी बाई 'आता मी गोळ्यांच्या कटकटीतून सुटले' असं म्हणत होती. मावशीने डॉक्टरांना न विचारता गोळी अर्धी केली, मग सोडली. दोन महिन्यांनी चक्कर येऊन पडली तेव्हा साखर तीनशेच्या वर. वेळेत कळलं म्हणून निभावलं. मी विचारलं, "मावशी, तुला कुणी सांगितलं गोळी सोड म्हणून?" तर म्हणाली, "अरे, त्या बाईनं सोडली होती ना." तिच्या लेखी ती बाई मॉडेल नव्हती, ती 'त्यांच्यापैकी एक' होती. ज्याने ते वाक्य लिहिलं त्याच्या डॅशबोर्डवर माझी मावशी 'रिपीट कस्टमर' म्हणून दिसली असणार. हिरव्या रंगात.

म्हणून म्हणतो, हा विषय नुसता कायद्याचा नाही. पण कायदाही हल्ली झोपलेला नाही, हे करिअरवाल्यांनी लक्षात ठेवावं. गेल्या काही वर्षांतला हिशोब पाहा. जून २०२० मध्ये कोरोनावर औषध म्हणून पतंजलीची 'कोरोनिल' आली, आणि त्याच दिवशी आयुष मंत्रालयाने जाहिरात थांबवायला सांगितलं. पुढे ह्याच कंपनीच्या जाहिरातींचा विषय सर्वोच्च न्यायालयात गेला, फेब्रुवारी २०२४ मध्ये अवमानाची नोटीस निघाली, आणि एप्रिलमध्ये वर्तमानपत्रांत माफीनामे छापावे लागले. तुमच्या जाहिराती जेवढ्या मोठ्या असतात तेवढाच मोठा हा माफीनामा आहे का, असं न्यायालयाने विचारलं होतं! (माफी स्वीकारून ऑगस्ट २०२४ मध्ये ते अवमान प्रकरण मिटलं.) त्याच एप्रिलमध्ये केंद्राने ऑनलाइन दुकानांना बोर्नव्हिटासारखी पेयं 'हेल्थ ड्रिंक' ह्या सदरातून काढायला सांगितली, आणि हिंदुस्तान युनिलिव्हरने हॉर्लिक्सच्या सदराच्या नावातला 'हेल्थ' हा शब्द काढला. त्याची सुरुवात वर्षभर आधी एका तरुणाने मोबाइलवर केलेल्या छोट्याशा व्हिडिओने झाली होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने साखरेच्या पेयांवर 'ओआरएस' हा शब्द वापरायला बंदी केली, आणि त्यामागे हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ बाईंची कित्येक वर्षांची चिकाटी होती.

ह्या सगळ्या प्रकरणांत उत्पादन काही एका रात्रीत बदललं नव्हतं. बदलला एक शब्द. 'हेल्थ', 'ओआरएस', 'बरं होतं'. आणि तो शब्द कधीतरी, कुठल्यातरी मीटिंगमध्ये, आपल्यासारख्याच कुणीतरी निवडला होता. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्यांदा दहा लाखांपर्यंत आणि नंतर पन्नास लाखांपर्यंत दंड आहे. जाहिरात मानक परिषदेने ऑगस्ट २०२३ पासून आरोग्याचा सल्ला देणाऱ्या इन्फ्लुएन्सरला आपली पात्रता सांगायला लावलीय. म्हणजे उद्या ज्या ब्रँडचं नाव तुमच्या सीव्हीवर असेल, त्याची वाक्यंही तुमच्या सीव्हीवर असणार.

तर आता कामाचं. जायचंच असेल तर माझ्या अल्पमतीप्रमाणे चार गोष्टी.

१. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात एक साधं एक्सेल उघडा. तीन रकाने. वाक्य, पुरावा, परवाना. कंपनी जिथे जिथे जे जे म्हणते, पाकीट, वेबसाइट, रील, कस्टमर केअरची स्क्रिप्ट, सगळं पहिल्या रकान्यात. बाकी दोन भरता येतात का पाहा. जी वाक्यं रिकामी राहतील ती तुमची खरी जॉब डिस्क्रिप्शन.

२. इंटरव्ह्यूत तुम्हीही विचारा, "एखादा दावा छापायचा की नाही ह्यावर शेवटची सही कुणाची असते?" उत्तर जर 'ग्रोथ टीम' असेल तर काय ते समजा. आणि "एखादं वाक्य चालत असतानाही तुम्ही कधी मागे घेतलंय का?" हेही विचारा. उदाहरण मिळालं तर ती कंपनी चांगली.

३. क्लिकपेक्षा दुसऱ्यांदा घेणाऱ्यांकडे बघा. पण ते का घेतात हेही फोन करून विचारा. चव आवडली म्हणून घेणारा आणि गोळी सोडलीय म्हणून घेणारा, दोघं रिपोर्टमध्ये सारखेच दिसतात.

४. नको असलेलं वाक्य छापायला सांगितलं तर 'नाही' ईमेलवर म्हणा, तोंडी नको. शांतपणे, पर्यायी वाक्य देऊन. आपल्याकडे क्यूएवाला बग लॉग करतो तसं. रिलीज करायचं की नाही ते वरचे ठरवतील, पण बग नोंदलेला राहतो.

ह्यावर आमच्यातल्या एकाचं म्हणणं, "अरे, पण असं केलं तर विकणार काय? शेजारचा खोटं बोलून दुप्पट विकतो." ह्याचं गुळगुळीत उत्तर माझ्याकडे नाही. खरंय, तो विकतो. एक-दोन वर्षं तरी नक्कीच जास्त विकतो, आणि तेवढ्या काळात 'नाही' म्हणणाऱ्याची बढतीही हुकते. पण खऱ्या वाक्यांवर धंदा होतच नाही हे मला मान्य नाही. पुण्याच्या 'कैलास जीवन'चंच बघा. एकही सेलिब्रिटी न आठवता आपल्या घरांतल्या तीन पिढ्यांनी ते वापरलंय. आणि हळदीबद्दल खरं सांगण्यासारखं थोडं आहे का? कुठल्या गावची, कुठल्या वाणाची, कधी काढली, कधी दळली. प्रयोगशाळेत कर्क्युमिन किती टक्के निघालं. शिसं तपासलं का, कारण रंग उठावदार दिसावा म्हणून लेड क्रोमेट घालायचे प्रकार उपखंडात झालेत आणि ते विष आहे. ह्यातलं प्रत्येक वाक्य तपासता येतं. नुसतं 'इम्युनिटी बूस्टर' तपासता येत नाही, म्हणूनच ते सगळ्यांना आवडतं.

पाकिटाबद्दल मामेभावाशी झालेलं भांडण ह्यावरच होतं. त्याचं म्हणणं, "लेका, ते इम्युनिटी का काय ते टाक की वर. सगळेच टाकत्यात." मी म्हटलं, "दादा, मसाल्याचा परवाना आहे आपला." मग डिझायनर पोराने जीआयचा शिक्का टाकून आणला, 'वायगाव हळद' म्हणून! आता वायगाव वर्धा जिल्ह्यात, वाई सातारा जिल्ह्यात. वायगावच्या हळदीला मानांकन आहे, सांगलीच्या हळदीला २०१८ पासून आहे, म्हणून आम्ही तो शिक्का लावायचा? नाव सारखं वाटतं म्हणून दुसऱ्याची पुण्याई आपल्या पाकिटावर? तो शिक्का दादाने स्वतःच काढायला लावला, मला बोलावं लागलं नाही. इम्युनिटीवर मात्र दोन महिने घासाघीस चालली. शेवटी पाकिटावर गाव, वाण, काढणीचा हंगाम, दळल्याची तारीख आणि लॅबचा आकडा एवढंच गेलं. खप? बरा आहे. शेजारच्यापेक्षा कमी आहे. आणि मध्यंतरी पुण्यातल्या एका रिसेलर बाईंनी आमच्याच पाकिटाचा फोटो लावून 'शुगरवर रामबाण' असा मेसेज ग्रुपवर टाकला. दादाने फोन करून तो काढायला लावला, त्यांनी काढलाही. पण तोपर्यंत किती ठिकाणी गेला असेल देव जाणे. म्हणजे आपण खरं बोलून भागत नाही, आपल्या नावाने दुसरे काय बोलतात तेही राखावं लागतं. ब्रँड मॅनेजरचा हा भाग कुठल्या कोर्समध्ये शिकवतात मला माहीत नाही.

वाईत जशी हळद होते तसा मराठी विश्वकोशही तिथेच घडला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या हाताखाली १९७६ मध्ये पहिला खंड निघाला. नोंदी लेखकाकडून आल्या की संपादक तपासणार, शंका असेल तर परत पाठवणार, आणि मगच छापणार. धंदा त्या वेगाने चालत नाही हे मलाही कळतं. विश्वकोशाचे लोक क्वार्टर-एंडला टार्गेट भरत नव्हते. पण लोक औषधासारखं पोटात घेणार असं काही तुम्ही विकत असाल, तर त्या शिस्तीचा दहावा हिस्सा तरी हवा. एक वाक्य, आणि ते कुणी तपासलं त्याचं नाव.

तर, ऑफर लेटर हातात असलेल्या मैत्रिणीला माझं उत्तर: जा. ह्या क्षेत्राला चांगल्या लोकांची गरज आहे, आणि आपल्याकडे टेस्टिंगची सवय असलेले लोक पुष्कळ आहेत. फक्त जॉइन व्हायच्या आधी त्यांच्या वेबसाइटवरची पाच वाक्यं निवड आणि स्वतःलाच विचार, हे वाक्य मी माझ्या शुगरवाल्या मावशीला डोळ्यांत बघून म्हणू शकेन का? पाचपैकी पाच 'हो' आली तर डोळे मिटून सही कर. तीन आली तर उरलेली दोन बदलायला मिळतील का ते आधी विचारून घे, आणि 'हो' म्हणाले तर ते लेखी माग.

बाकी तुम्ही सूज्ञ आहातच.